कलकत्त्याच्या खुंट्या

रविवारी सकाळी मी वाडीत केळींना पाणी सोडत होतो, तेव्हा पापडीच्या चर्चची घंटा वाजायला लागली. मिस्साची, म्हणजे प्रार्थनेची, नव्हे; मयताची. चर्च आमच्या घराच्या इतकं जवळ आहे की हिंदू असूनही आम्हाला दोन्हींतला फरक लहानपणापासून कळतो. शेजारचा बस्त्याव आठवडाभर इस्पितळात होता, त्यामुळे घंटा ऐकताच मी पाणी तसंच सोडून कुंपणाशी आलो. थोड्या वेळाने त्याचा मेव्हणा सायकलवरून आला, कुंपणाशी एक पाय टेकवून म्हणाला, "वसंता, बस्त्याव गेला." एवढा जिवाभावाचा दोस्त गेल्यावर माणसाला रडू यावं. मला आलं नाही. मी फावडं घेऊन सरळ विहिरीकडे गेलो, रहाटाच्या खांबाजवळची माती उकरून बघितली. डबा जागेवर होता. मग मी तिथंच चिखलात बसलो आणि रडलो. आधी डबा, मग मित्र... मी असा भित्रा माणूस आहे. अख्ख्या पापडीला ते ठाऊक आहे, तेव्हा तुमच्यापासून कशाला लपवू?

बस्त्यावची वाडी आणि आमची वाडी यांत एक मेंदीचं कुंपण. त्याच्याकडे फुलं आणि केळी, आमच्याकडे केळी आणि पानवेल. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, पुढे मी मुंबईच्या एका सरकारी खात्यात कारकून झालो आणि तो वाडीत राहिला. पण त्याचा जीव वाडीत कधीच नव्हता. लग्नाच्या बँडमध्ये तो गिटार वाजवायचा. कलकत्त्याची, विजेवर चालणारी, एका वाजंत्र्याकडून जुनी घेतलेली. लाऊडस्पीकरवाल्याच्या अॅम्प्लिफायरला ती जोडली की आधी मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज यायचा आणि मग कुठे सूर. तिच्या खुंट्या इतक्या सैल की गाणं अर्ध्यावर आलं की तार उतरायची. नवरा-नवरी नाचताहेत आणि हा मान वाकवून खुंटी पिळतोय, हे दृश्य त्या काळी वसईतल्या पुष्कळ लग्नांत दिसायचं. लोक हसायचे, तोही हसायचा.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी त्याचा मोठा भाऊ पेद्रूदादा बोटीवरून सुट्टीवर आला. मालवाहू जहाजावर तो खलाशी होता. त्याच्या वळकटीत, दोन गोधड्यांच्या मधे गुंडाळलेली, एक अमेरिकन गिटार होती. जकात भरलेली नव्हती, हे सांगायला नकोच. ती भावासाठी भेट म्हणून आणलेली नव्हती. पेद्रूदादाला बोटीवरची नोकरी सोडून पापडीच्या नाक्यावर दुकान टाकायचं होतं, आणि त्याची सुरुवात ही गिटार विकून व्हायची होती. ठरलेलं गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं, सुट्टी संपली, तेव्हा तो बस्त्यावला म्हणाला, पुढच्या खेपेला येऊन विकीन, तोवर सांभाळ. सांभाळ म्हणजे वाजवू नको, असं काही तो म्हणाला नव्हता. बस्त्यावने पहिल्यांदा तिच्या खुंट्या फिरवल्या आणि तार जिथं थांबवली तिथं थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथंच होती. मला कुंपणाशी बोलावून त्याने ती तार पुन्हापुन्हा ऐकवली. त्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, मला तेव्हाच भीती वाटली. दुसऱ्याच्या वस्तूवर माणसाने इतका जीव लावू नये.

मुंबईच्या हॉटेलात वाजवणारा एक गोवेकर एका लग्नाला आला होता. त्याने ती गिटार पाहिली आणि जेवण सोडून तिच्यामागे लागला. आम्हा दोघांना ओट्यावर बसवून त्याने जे सांगितलं ते मला अजून आठवतं. हाच आकार, हाच रंग, तीन देशांत मिळतो. जपानी असेल तर किंमत निम्म्यावर येते, आपल्याकडची असेल तर सरपणाचा भाव, आणि अमेरिकन असेल तर मागाल ते. आता कुठली आहे हे ओळखायचं कसं, तर लाकडावर जायचं नाही, सामान बघायचं. त्याने खुंट्यांच्या पाठीवरचा छाप दाखवला, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी दाखवली, मानेच्या मागची चार स्क्रूंची पत्री दाखवली, तिच्यावर नंबर कोरलेला. माथ्यावर कंपनीचं नाव होतंच. "हे लोखंड हिच्या अंगावर आहे तोवर ही अमेरिकन," तो म्हणाला. "हे काढलं तर कोण विचारतो हिला?" मी मान डोलावली. बस्त्याव मात्र त्या खुंट्यांकडे टक लावून बघत राहिला होता.

मग आणीबाणी आली आणि आमच्या किनाऱ्यावर धाडी सुरू झाल्या. कुणाच्या घरातून रेडिओ उचलला, कुणाच्या पेटीतून घड्याळं. अर्नाळ्याकडच्या एकाला तर नायलॉनच्या साड्यांसकट नेलं असं आम्ही ऐकलं. परदेशी चमचासुद्धा लोक राखेत खुपसून ठेवायला लागले. मी सरकारी नोकर. शेजारच्या घरात जकात चुकवलेली गिटार आहे आणि ती मी दररोज ऐकतो, एवढ्यावरसुद्धा आपली नोकरी जाईल असं मला वाटायचं. जेवण जाईना. अशात एका दुपारी बस्त्यावने मला हाक मारली. त्याच्या ओट्यावर दोन्ही गिटारी शेजारी शेजारी निजवलेल्या होत्या. म्हणाला, हिला देशी करू या. कलकत्त्याच्या खुंट्या हिला, कलकत्त्याची घोडी हिला. मागच्या पत्रीच्या जागी त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून भोकं पाडून ठेवला होता. मी सुटलो असं मला वाटलं, आणि मी स्क्रू धरायला बसलो. सगळ्यात शेवटी त्याने पॉलिशपेपर घेतला आणि माथ्यावरचं नाव घासलं. घासताना तो एकदाही थांबला नाही. सोनेरी भुकटी त्याच्या मांडीवर पडत होती आणि मला वाटलं, घाबरला तर हाही माझ्यासारखाच. तेवढं बरं वाटलं.

काढलेलं अमेरिकन सामान बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खोबरेल तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. त्याच्या घरी नको, कारण धाड पडली तर त्याच्याच घरी पडणार. म्हणून तो डबा माझ्या वाडीत आला. भर दुपारी, घरची माणसं आडवी झालेली असताना, आम्ही तो रहाटाजवळ पुरला. त्या दिवसापासून माझं जे झालं ते शत्रूचंही होऊ नये. रस्त्यावर जीप वाजली की मी खिडकी लावून घ्यायचो. ऑफिसात साहेबाने बोलावलं की आधी डबा आठवायचा. एकदा हिवताप खात्याची माणसं विहिरीत डासांची अंडी बघायला आली, खाकी कपड्यांत. विहिरीभोवती फिरली, एकाने बरोबर त्या जागी पाय ठेवला आणि विचारलं, इथं ओल का आहे? मी त्यांना चहा पाजला, केळ्यांचा घड दिला, आणखी थोडा वेळ थांबले असते तर डबाही दिला असता. दर पावसाळ्यानंतर मी तो डबा काढायचो, सामानाला तेल लावायचो, परत पुरायचो. गंज चढू दिला नाही. बस्त्यावने तसं बजावलं होतं.

पेद्रूदादा आला तेव्हा धाडींचा जोर ओसरला होता. गिटार बघून तो ओट्यावर तसाच उभा राहिला. सामान कुठं आहे, त्याने विचारलं. मी कुंपणाशी होतो. बस्त्याव म्हणाला, "खाडीत टाकलं. भीती वाटली, दादा." मी तोंड उघडलं नाही; मला वाटलं, डबा माझ्याकडे आहे म्हणून हा मला वाचवतोय. पेद्रूदादा ती गिटार तशीच घेऊन मुंबईला गेला, त्या गोवेकराकडेच. संध्याकाळी परत आला, गिटार ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "कोणी हात लावत नाय. कलकत्त्याची म्हणतात. ठेव तुझ्याकडेच." मग तो आत गेला आणि जाईपर्यंत भावाशी धड बोलला नाही. दुकान राहिलं. तो पुन्हा बोटीवर गेला आणि कितीतरी वर्षं जातच राहिला.

पुढची सगळी वर्षं बस्त्याव तीच गिटार वाजवत राहिला. वटारपासून जूचंद्रपर्यंत लग्न असो, नाताळचा नाच असो, त्याला बोलावणं असायचंच. आवाज असा की म्हातारे पाय ठेका धरायचे. पण खुंट्या कलकत्त्याच्या! दर गाण्यात तार उतरायची आणि हा वाजवता वाजवता डावा हात वर नेऊन ती पिळायचा. मी किती वेळा म्हटलं, अरे, आता कोण बघतंय, मूळ खुंट्या लाव. तो नुसता मान हलवायचा. आणखी एक गोष्ट मी पाहायचो. पेद्रूदादा सुट्टीवर यायचा झाला की बस्त्याव गिटार माळ्यावर टाकायचा, वर केळीच्या सोपटांचे, म्हणजे वाळलेल्या सालींचे, भारे रचायचा, आणि दादा असेपर्यंत बँडची एक सुपारी घ्यायचा नाही. त्या दिवसांत त्याचं जेवण निम्म्यावर यायचं. दादाने नुसतं वर पाहिलं तरी याच्या हातातला घास थांबायचा. कातरीनवहिनी, म्हणजे बस्त्यावची बायको, मला म्हणायच्या, सख्ख्या भावाला कोण इतकं घाबरतं हो? मी म्हणायचो, कस्टमची भीती आहे वहिनी, अंगात मुरलीय. मला तसंच वाटत होतं.

इस्पितळात मी भेटलो ते शेवटचं. छातीत दुखून त्याला आणलं होतं, पण त्या दिवशी तो उठून बसला होता, रंगही बरा होता. वहिनी पाणी आणायला गेल्या तेव्हा त्याने मला जवळ ओढलं.

"डबा आहे ना?"

"आहे. पण आता काढून टाकू या रे. मला झोप लागत नाही."

वहिनी येत नाहीत ना, हे त्याने दाराकडे पाहून घेतलं. मग म्हणाला, "कस्टमला मी कधी घाबरलोच नाय, वसंता. भीती दादाची. गिटार चांगली राहिली असती तर त्याने विकली असती... आता तो बोटीवरून कायमचा आलाय. दररोज समोर बसतो. त्याला कळलं तर?"

म्हणजे त्या दिवशी माथ्यावरचं नाव घासताना तो घाबरला नव्हताच. इतकी वर्षं मी ज्या जीपला घाबरलो तिची त्याला पर्वाच नव्हती. मला राग यायला हवा होता, पण त्याची बोटं माझ्या मनगटावर अशी आवळली होती की मीच म्हणालो, नाही कळणार. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली.

तो जाऊन महिना झाल्यावरच्या मिस्साला मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, नंतर त्यांच्या घरी गेलो. पिशवीत डबा होता. आता तो ठेवायची माझी छाती नव्हती आणि द्यायचीही नव्हती. पाहुणे गेल्यावर ओट्यावर मी आणि पेद्रूदादा उरलो. त्याचे केस पूर्ण पांढरे झालेत. मी डबा त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने फडकं उलगडलं. खुंट्या लखलखत होत्या.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "त्या गोवेकराने गिटारीचं झाकण खोलून आतलं सामान बघितलं. आत सगळं अमेरिकन. म्हणाला, बाहेरचं लोखंड आण, मी घेतो. खाडीत टाकलं असेल तर नवं मागवून लावतो, तरी घेतो. मी उचलली आणि परत आलो."

"का, दादा?"

"सकाळी मी ती उचलून नेली तेव्हा त्याचं तोंड बघितलं होतंस तू? तेव्हाच कळलं, त्याला ती सोडायची नाय. ठाऊक आहे म्हटलं असतं तर तो चोर ठरला असता. म्हटलं, आपण गप्प राहिलो की निवांत वाजवेल." त्याने एक खुंटी तळहातावर घेतली. "मी आलो की ती माळ्यावर जायची. मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय... वसंता, कसा वाजवायचा रे तो? मी एकदाही ऐकला नाय."

मी डब्याचं झाकण उचललं आणि उगाच पुन्हा लावलं. (हे छापायला पेद्रूदादाची परवानगी घेतली आहे, आणि कस्टमच्या साहेबांनी वाचलंच तर कृपा करून आधी मला निरोप द्यावा, एकदम जीप आणू नये.) सांगणार तरी काय? दोघं भाऊ एका घरात, एक भीतीने गप्प, दुसरा मायेने गप्प, आणि मधे ती गिटार सोपटांखाली.

मी म्हटलं, निदान मूळ खुंट्या तरी बसवू या, सामान तयार आहे. पेद्रूदादा आत जाऊन गिटार घेऊन आला. मांडीवर कशी धरतात तेही त्याला ठाऊक नव्हतं, आडवी ठेवली. कलकत्त्याची एक खुंटी त्याने चिमटीत धरली आणि तार छेडत हळूहळू पिळली. तार चढत गेली, क्षणभर थांबली आणि मग नेहमीसारखी आपली आपणच उतरायला लागली. त्याने पुन्हा पिळली, थेट बस्त्यावसारखी. आत कातरीनवहिनी भांडी घासत होत्या, भांड्यांचा आवाज एकदम थांबला.