उपासात वाढलेलं वजन

ज्या दिवशी आम्ही परळची चाळ सोडून चारकोपला राहायला आलो, त्याच दिवशी बाबा बेकरीत कामाला लागले. गिरणी बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

बेकरीचा नियम होता की तुटका माल विकायचा नाही, कामगारांनी घरी न्यायचा. त्यामुळे रोज संध्याकाळी आमच्याकडे खारीचा चुरा, मोडलेली नानकटाई आणि कडेला करपलेले पाव येत. गिरणी बंद असताना आईने पेजेवर दिवस काढले होते. आता ती आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून खाऊ घालायची आणि बघत राहायची. मी काडीच राहिले. ताईने मात्र अंग धरलं. लेकीला आई मालवणीत चेडू म्हणे. शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आता खंय माझ्या चेडवान अंग धरल्यान!"

घरासमोर मोकळी जागा होती. नकाशात ती शाळेसाठी राखलेली, पण शाळा काही बांधली जात नव्हती. शेजारी राहणारे सर तिथे मुलींना कबड्डी शिकवत. मी कडेला पुस्तक घेऊन बसे, पण ताई पकडीला उतरली की पान उलटायचं राहून जाई. ती डावा कोपरा सांभाळायची. तिने घोटा धरला की समोरची मुलगी जागची हलत नसे.

दिवाळीनंतर मुलुंडला स्पर्धा होती आणि ताईला तिथे खेळायचंच होतं. अडचण अशी की मुलींच्या गटाला वजनाची मर्यादा होती. सरांनी रेशनच्या दुकानातल्या काट्यावर एकेकीला उभं केलं. ताईचं वजन जास्त भरलं.

"थोडंच आहे गं," सर म्हणाले. "खारी बंद कर, रोज पळ. उतरेल."

हेच ते आईला सांगायला आले, तेव्हा स्टोव्ह तसाच भडकता ठेवून आई उठली. "माझ्या चेडवाक उपाशी मारतलात काय? तुमचो खेळ घाला चुलीत!"

मग ताईने डोकं चालवलं. नवरात्र तोंडावर आलं होतं. "आई, यंदा मी नऊ दिवस उपास धरणार," तिने जाहीर केलं. आईचे डोळे भरून आले. उपाशी ठेवायला तिची ना होती, उपासाला कशी असेल?

घटस्थापनेपासून आई नुसती फुलून गेली. सकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरी आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचे काप, मध्येच दाण्याचा लाडू. ताई ते सगळं मन लावून खायची आणि मैदानाला फेऱ्या मारायची.

"यार, उपास म्हणजे उपास," ती मला समजवायची. "भात नाही, चपाती नाही, खारी नाही. वजन राहणार कशाने?"

मला ते अगदी पटलं होतं.

दसऱ्यानंतर पुन्हा वजन झालं. अख्खी गल्ली दुकानासमोर जमली. ताई चपला काढून, बांगड्या काढून, श्वास रोखून काट्यावर चढली. दुकानदाराने वजन सरकवलं. मग आणखी सरकवलं.

"वाढलं रे!" कोणीतरी ओरडलं.

"काय खाल्लंस गं तू?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर! देवीशप्पथ, उपास होता."

"उपासाला काय खाल्लंस?"

"खिचडी," ताई म्हणाली. "वरी. रताळी. आणि लाडू."

सर मटकन तांदळाच्या गोणीवर बसले. "वाट लागली." मग त्यांनाच हसू फुटलं आणि गल्ली हसत सुटली. ताई हसली नाही. ती काट्यावरून उतरेचना. "मला खेळायचंय," एवढंच म्हणत राहिली.

सरांचं हसू थांबलं. मंडळाच्या बायकांच्या संघात एक जागा रिकामी होती. "खुल्या गटात खेळशील? तिथे तुझं वजन चालेल. पण समोर मोठ्या बायका असतील."

"असू देत ना!"

मुलुंडला आम्ही सगळे गेलो. आईने डब्यात लाडू घेतले होते. समोरच्या संघातली एक उंच बाई चढाईला आली, ताईकडे बघून हसली आणि बेसावध पाय पुढे टाकला. ताईने झेप घेऊन घोटा धरला! बाई पडली, हातांवर सरपटू लागली, तिची बोटं मधल्या रेषेशी पोचत आली. आई उभी राहून ओरडत होती, "सोडू नको गो! सोडू नको!" माझं पुस्तक कुठे पडलं कोण जाणे. ताईने सोडलं नाही. पंचांची शिट्टी वाजली आणि आईने शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. तो सामना आम्ही हरलो होतो, हे मला घरी आल्यावर आठवलं.

दोन वर्षांनी त्या जागेवर शाळा उभी राहिली, भोवती भिंत आली. मुलींची कबड्डी बंद पडली. बेकरीचा चुरा मात्र येत राहिला. पुढे ताईला साखर निघाली. तिने काय खावं हे बेकरीच्या नियमाने ठरवलं होतं, कुठे पळावं हे नकाशाने. डॉक्टर मात्र तिलाच विचारत, "तोंडावर ताबा ठेवता येत नाही का?" गेल्या वर्षी ती गेली.

नवरात्रात मी उपास करते. खिचडी आईच्या मापानेच होते, आणि एकटीला ती संपत नाही.