आठव्या दालनातली साखराबाई

लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्लीत साखराबाईची मेस आहे. फक्त मुलींची. बारा जणी जेवतात, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. कुणी उदगीरची, कुणी धर्माबादची. तिचे मालक, म्हणजे नवरा, अण्णाराव एस.टी.त ड्रायव्हर होते. ते गेले, तसं निलंग्याच्या घराला कुलूप लावून साखराबाई इथं आली आणि भाकरीवर उभी राहिली. तिच्या भाकरीचं नाव सगळ्या ट्यूशनच्या भागात आहे. पण आईबाप आपल्या पोरी तिच्याकडं धाडतात ते भाकरीसाठी नव्हे, सातच्या फोनसाठी.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, तुळशीला हात जोडले की साखराबाई भिंतीला टेकून बसायची. मांडीवर फोन. सातला पहिला फोन यायचा आणि मग एकामागं एक येतच राहायचे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, जेवली का, किती जेवली. साखराबाईला आकडा तोंडपाठ असायचा. तिचं म्हणणं असं, की मन थाऱ्यावर असलं तर भाकरी जाते, नसलं तर पोरगी वरणात बोट फिरवत बसते. "तुमची लेक तीन दिस झाले अर्धीच खाऊन राहिली," एवढं ती सांगायची. पुढं बापानं काय समजायचं ते बापानं समजायचं. परक्याचं लेकरू सांभाळायचं म्हणजे डोळा ठेवायलाच पाहिजे, हे देवाचंच काम आहे, अशी तिची खात्री होती.

पोरींना हे ठाऊक होतं. उदगीरची सुकन्या ताट पुढं करून म्हणायची, "मावशी, आज तीन वाढा. तीन सांगितल्या की आमचा बाप तीन दिवस गप बसतो."

"गुमान जेव. एक खाशील आणि तीन सांगायला लावशील."

"मग बापाला ढेकर ऐकवू का?"

बाकीच्या हसायच्या. साखराबाईही हसायची. तिला त्यात टोमणा कधी दिसला नव्हता.

गुरुवारी नांदेडहून साहेबरावांचा फोन आला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांची मुलगी बुद्धप्रिया सलग दुसऱ्या वर्षी इथं जेवत होती. शांत मुलगी, ताट उचलताना आवाज न करणारी.

"जय भीम, ताई."

"जय भीम, गुरुजी. आज दीड खाल्ली तिनं."

"भाकरीचं असू द्या. मार्क घसरलेत. चारशे ऐंशीवरून चारशे दहा. काहीतरी चाललंय तिचं. ताई, एक काम करा. तिचं दप्तर बघा. दुसरा मोबाईल, कुणाची चिठ्ठी. रविवारी मी येतोच. तसलं काही निघालं तर घेऊनच जातो तिला. घरी बसून करील अभ्यास."

"बघते, गुरुजी," साखराबाई म्हणाली. बारा वर्षांत ती कुठल्या बापाला नाही म्हणाली नव्हती.

शुक्रवारी पोरींची टेस्ट असते. आत दप्तर नेऊ देत नाहीत, म्हणून जेवण झालं की सगळ्या आपापली दप्तरं मेसच्या खुंटीला अडकवून जातात. तीन तास ती तिथंच लटकत असतात. साखराबाईनं दाराला आतून कडी घातली. कडी घालताना तिला वाटलं, आपल्याच घरात आपण कडी कशाला घालतोय.

दप्तरात मोबाईल नव्हता, चिठ्ठी नव्हती. पुस्तकं, कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या. तळाशी एक जाड वही, वर लिहिलेलं 'भौतिकशास्त्र'. वही उघडली तसा आतून ज्वारीचा एक दाणा टपकन फरशीवर पडला. धान्य पायाखाली येऊ नये म्हणून साखराबाईनं तो उचलला, कपाळाला लावला आणि ज्वारीच्या डब्यात टाकला. हात आपोआप चालले. मग ती चष्मा लावून बसली. सातवीपर्यंतचं शिक्षण, ओळीखाली बोट धरून वाचायची सवय.

आत भौतिकशास्त्र नव्हतं.

'साम्राज्याच्या ताब्यात चाळीस हजार सूर्य होते. त्याच्या हेरखात्याची सात दालनं राजधानीच्या नकाशावर दाखवलेली होती. आठवं दालन नकाशावर नव्हतं. आठव्या दालनाची माणसं शस्त्र बाळगत नसत. ती यानांच्या तळावर झाडू मारत, वैमानिकांचे कपडे धूत, त्यांना जेवण वाढत.'

साखराबाईला आधी बरं वाटलं. पोरगी गोष्ट लिहितेय, एवढंच ना. तिनं पान उलटलं.

'तारकातळाच्या स्वयंपाकघरात एकोणीस नंबरची बाई होती. ती प्रेमळ होती. खोटी प्रेमळ नव्हती, खरीच होती. म्हणून तर आठव्या दालनानं तिला निवडलं होतं. पळून जायचं ठरवलेला वैमानिक तीन दिवस आधीपासून कमी जेवतो, हे आठव्या दालनाला ठाऊक होतं. कोण किती जेवलं ते एकोणीस रोज सातव्या घंटेला कळवायची. ज्याचं नाव कळवलं त्याला परत बोलावलं जायचं. परत बोलावलेला कुणी पुन्हा दिसला नाही. एकोणीसला वाटायचं, ते आपापल्या घरी सुखात आहेत.'

बोट त्या ओळीखालीच राहिलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला तरी ती हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढं पुनम आली.

पुनम धर्माबादची. तीन वर्षांपूर्वी इथंच जेवायची. जाताना दोन भाकरी मेसच्या डब्यात घालून न्यायची, रोज. साखराबाईनं सातच्या फोनवर सहज सांगितलं, तुमची पुनम दोन भाकरी कुणासाठी तरी नेती. तिसऱ्या दिवशी बाप गाडी घेऊन दारात. महिन्याभरात कुंकू लागलं, सोयरीक ठरली, उन्हाळ्यात लग्न. पुढं एक पोरगी मेसमध्ये डबा परत करायला आली. म्हणाली, मला टायफॉइड झाला होता मावशी, खोलीवरून उठता येत नव्हतं, पुनमच भाकरी आणायची. साखराबाईनं तो डबा घासून वरच्या फळीवर ठेवला. पुन्हा त्याला हात लावला नाही, आणि ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. देवाला तेवढी सांगितली, तीही घाईघाईत.

ती पुढं वाचू लागली. नीला नावाची एक वैमानिक होती. तिला साम्राज्याच्या हद्दीपलीकडं काय आहे ते बघायचं होतं आणि ती लपून नकाशा काढत होती. 'आपल्या वहीत नीला धान्याचा एक दाणा ठेवायची. कुठल्या पानात, ते फक्त तिलाच माहीत. वही कुणी उघडली तर दाणा पडणार, आणि आठवं दालन येऊन गेलं ते तिला कळणार.'

साखराबाईनं दाणा पडला होता त्या फरशीकडं बघितलं. ती उठली, ज्वारीचा डबा उघडला आणि बघत उभी राहिली. डब्यात पाच किलो ज्वारी. त्यातला एक दाणा तिनं चिमटीत घेतला. दाण्याचं काय, सगळे सारखेच, पण पान कुठलं? तिनं आठवून पाहिलं, वही कशी धरली होती, कुठं उघडली. काही आठवेना. शेवटी अंदाजानं एका पानात तो ठेवला आणि वही मिटली. मिटायच्या आधी तिची नजर शेवटच्या लिहिलेल्या ओळीवर गेली. 'एकोणीसनं नीलाची वही उघडली. सातव्या घंटेला थोडाच वेळ उरला होता.' पुढचं पान कोरं होतं.

पाचला पोरी आल्या. बुद्धप्रियानं दप्तर काढलं, कोपऱ्यात बसून वही हळूच उघडली, लगेच मिटली. जेवताना तिनं साखराबाईकडं एकदाच बघितलं. साखराबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

सातच्या फोनवर साहेबराव म्हणाले, "बघितलंत का?"

"आज जमलं न्हाई, गुरुजी. उद्या बघते."

फोनवर ती पहिल्यांदा खोटं बोलली. त्या संध्याकाळी देवापुढचा दिवा दोनदा विझला, आणि तिला वाटलं तो वाऱ्यानं विझला नाही.

शनिवारी जास्तच झालं. बुद्धप्रिया ताटावर बसली आणि दुसरी भाकरी स्वतःहून मागून घेतली. घास उतरत नव्हता, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होती. शेवटचा तुकडा संपवून म्हणाली, "मावशी, पूर्ण दोन झाल्या. दोनच सांगा."

सुकन्या म्हणाली, "बघा, आमची प्रिया पण शिकली."

साखराबाईला वर बघवेना. पोरगी भुकेसाठी जेवत नव्हती, फोनसाठी जेवत होती. अशा किती जणी जेवल्या असतील या बारा वर्षांत?

दुपारी साखराबाई सिद्धेश्वराच्या देवळात गेली. नुसतं डोकं टेकवून बसली. गुरुजींना सांगावं तर पोरगी उद्या नांदेडच्या गाडीत. न सांगावं तर बापाचा विश्वास मोडला, आणि मार्क तर खरोखरच घसरलेत. घरी आल्यावर बघते तर एका पायात आपली चप्पल, दुसऱ्या पायात कुणाची तरी.

शनिवारच्या फोनवर 'या, मग बोलू' एवढंच ऐकून रविवारी साडेअकराला साहेबराव आले. हातात रिकामी मोठी बॅग. साखराबाईनं ती रिकामी बॅग बघितली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. पोरी जेवून गेल्या होत्या. बुद्धप्रिया नळाजवळ ताट धूत उभी होती, आणि ताट कधीच स्वच्छ झालं होतं.

पाणी पिऊन साहेबरावांनी विचारलं, "ताई, दप्तर?"

"बघितलं, गुरुजी. मोबाईल न्हाई. चिठ्ठी न्हाई."

"मग काय आहे?"

"जे हाय ते तिचं हाय. तिलाच इचारा. मी सांगणार न्हाई."

"ताई, मी तुमच्या भरवशावर ठेवली तिला इथं."

"म्हणूनच सांगत न्हाई." साखराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्यासारखाच एक बाप माझ्या भरवशावर व्हता. त्याच्या पोरीच्या दोन भाकऱ्या मी त्याला सांगितल्या." आणि मग तिनं पुनमचं सगळं सांगितलं, डब्यासकट. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की साहेबरावांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

नळ बंद झाला. बुद्धप्रिया आली, खुंटीवरच्या दप्तरातून वही काढली आणि वडिलांसमोर ठेवली.

"मावशी, दाणा सतराव्या पानात होता. तुम्ही तिसाव्यात ठेवला."

"खाली पडला म्हणून उचलला, बाई. सवयीनं डब्यात टाकला. मग कळंना कुठला तुझा."

बुद्धप्रियाला हसू आलं, तिनं ते दाबलं. साहेबरावांना यातलं काहीच समजलं नाही. त्यांनी वही उघडली. शिक्षकाच्या सवयीनं खिशातला लाल पेन हातात आला, दोन पानांनंतर तो परत खिशात गेला. त्यांच्यासाठी वाढलेलं ताट तसंच थंड होत होतं. पाऊण तास ते वाचत राहिले. साखराबाई मनात नाम घ्यायचा प्रयत्न करत होती आणि मध्येच मोजत होती, किती पानं झाली, किती राहिली.

"हे कधी लिहितेस?"

"जेवणाच्या सुट्टीत. आणि केमिस्ट्रीच्या तासाला."

"म्हणून मार्क गेले."

"हो, पप्पा."

ती खोटं बोलली असती तर साखराबाईला बरं वाटलं असतं.

साहेबरावांनी वही मिटली. बराच वेळ बॅगेच्या चेनशी चाळा केला, मग ती उघडून वही आत टाकली. "पुढच्या टेस्टपर्यंत ही माझ्याकडं. तू इथंच राहा."

"आणि मार्क नाही वाढले तर?"

"तर तेव्हा बघू," ते म्हणाले, आणि थंड वरण भाकरीवर ओतून जेवायला लागले.

एवढ्या मोठ्या बॅगेत ती एक वही घेऊन ते चारच्या गाडीनं गेले.

सोमवारी सातला पहिला फोन नांदेडचाच. "जय भीम ताई, किती..."

"जय भीम. थांबा, गुरुजी, तिलाच देते."

बुद्धप्रिया खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हातानं फोन कानाला लावून ऐकत राहिली. "हो, पप्पा. दीड. नाही, भूक नव्हती... कोण, एकोणीस?" तिनं साखराबाईकडं बघितलं. "तिनं काय कळवलं ते अजून ठरलं नाही. वही परत आली की लिहीन."

तिनं फोन साखराबाईच्या मांडीवर ठेवला न ठेवला तोच परत वाजला. उदगीर. साखराबाईच्या मनात आलं, उदगीरवाला चिडणार. धर्माबादवाले, निलंग्यावाले सगळेच चिडणार. फोन नाही तर ही मेस तरी कशाला, असं म्हणतील. बारापैकी किती उरतील कोण जाणे. फोन तिच्या मांडीवर थरथरत होता.

"सुकन्या, बापाचा हाय. ये, तूच सांग किती खाल्ल्या."

"खरं सांगू का, मावशी?"

"ते तुझं तू बघ," साखराबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटायला उठली.