रॅम्पवरच्या चपला

तंजावूरच्या बसस्टँडवर कधी उतरला असाल, तर विनुताचा आवाज तुमच्या कानावर पडलाच असेल. "तिरुवैयारूला जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं" असं तमिळमधून ठणकावून सांगते ती हीच. आवाज गावभर ओळखीचा, चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नाही. घोषणांची खोली एवढीशी, आणि तिच्यात विनुता चाकाच्या खुर्चीवर. लहानपणी पोलिओने पाय नेले. जिभेला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

तिची आई महालक्ष्मी राजवाड्याजवळच्या गल्लीतली, मराठी घरातली. तिने चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या देवनेसनशी लग्न केलं तेव्हा माहेरी केवढा गहजब झाला होता! देवनेसन आता नाहीत. आई शुक्रवारी देवीला जाते आणि रविवारी लेकीची खुर्ची ढकलत चर्चला. चर्चला म्हणजे अंगणापर्यंत, कारण पुढे पायऱ्या. पूर्वी चार दांडगे बाप्ये विनुताला खुर्चीसकट उचलून आत नेत आणि पुण्य कमावल्यासारखा घाम पुसत. एका रविवारी तिने हात जोडले. "चौघांनी उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा मला कळणार नाही," म्हणाली. तेव्हापासून मायलेकी खिडकीबाहेर कडुनिंबाखाली बसून प्रार्थना ऐकत. येणारे-जाणारे प्रेमाने विचारपूस करत आणि आत जात. असल्या प्रेमाचं काय लोणचं घालायचं?

यंदा नवे पास्टर अय्या आले आणि त्यांनी पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधून घेतला. वर जाहीर केलं की सुगीच्या सणाला बायबलचा पाठ विनुता वाचणार! त्या दिवशी पहाटेपासून विनुताच्या अंगात वारं शिरलं होतं. इडल्या वाफवताना पाठाची उजळणी, वेणी घालताना उजळणी, रिक्षातसुद्धा उजळणी.

"अम्मा, आज खुर्चीला हात लावायचा नाही हां. मीच चढणार."

"बरं गो बाई, नाही लावत," आई म्हणाली, पण तिचे हात शिवशिवत होतेच.

पोचल्या तेव्हा आत गाणं सुरू झालेलं. माईक खुर्चीच्या उंचीला खाली घेतलाय की नाही ते बघायला आई घाईने पुढे पळाली, पायऱ्या चढून डोकावली, आणि अनवाणीच धावत परत आली. "अय्यय्यो, विनू! रॅम्प बघ!"

रॅम्पवर चपलाच चपला. या चर्चमध्ये पायताण घालून कुणी आत जात नाही. पायऱ्यांपाशी नेहमी चिखल; शेजारी हा गुळगुळीत, स्वच्छ उतार. मग काय, लोकांनी जोड्या अगदी नीट मांडून ठेवल्या होत्या. रॅम्प कुणासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं, पायांना तेवढं आठवलं नाही.

आत तिचं नाव पुकारलं गेलं. मग शांतता. दारातून व्यवस्थापक अरुळदास मामा आले, मागे तिघे. "विनुताम्मा, वेळ होतोय. पटकन उचलू का?"

तिचे डोळे भरून आले. हो म्हणणं किती सोपं होतं! आत सगळे खोळंबलेले, आणि आज हो म्हटलं की पुन्हा दर रविवारी तेच. तिने पदर सावरला, मान ताठ केली, आणि बसस्टँडचा आवाज लावला.

"भाविकांनी लक्ष द्यावं! रॅम्पवर उभ्या केलेल्या चपला ताबडतोब हलवाव्यात! आत जाणारी गाडी खोळंबली आहे!"

आधी कुणी तरी फिस्सकन हसलं, मग अख्खं चर्च अनवाणी बाहेर लोटलं. एकच झुंबड! म्हातारे वाकून आपला जोड शोधताहेत, बायका पोरांच्या चपला काखेत मारताहेत, पास्टर अय्या झगा सावरत दोन्ही हातांनी गोळा करताहेत. अरुळदास मामांची सँडल सगळ्यात वर निघाली. बिचारे कानापर्यंत लाल झाले.

शेवटी मधोमध एकच जोड उरला. निळा, रबरी, पट्ट्याला सेफ्टी पिन.

"हा कुणाचा?" मामांनी जरा जोरातच विचारलं.

महालक्ष्मीने जीभ चावली.

"अम्मा! तुझाच!" विनुता इतकी हसली की खुर्ची हलायला लागली. आईने चपला उचलून पदराखाली लपवल्या.

मग विनुताने चाकांना हात घातला. चढ होताच. मध्यावर दंड भरून आले, आजूबाजूचे हात आपोआप पुढे झाले. "हात नको!" ती ओरडली. मामांनी हात पाठीमागे बांधले. पोचली, उंबऱ्याशी पोचली!

तिने वळून पाहिलं. आई कडुनिंबाकडे निघालेली.

"अम्मा, ये ना."

"मी कशाला गो? मी आपली इथंच बसते."

"मी आत चाललेय. बाहेर कुणासाठी बसणार तू?"

आईने चपला झाडाखाली नेऊन ठेवल्या आणि सावकाश परत फिरली. विनुता दारातच थांबून राहिली. आत पास्टर अय्या पुस्तक उघडून वाट बघत होते. त्या दोघींनी इतकी वर्षं वाट पाहिली होती. आज चर्चने थोडी पाहिली.