सहावी ब आणि शनिवारची ओहोटी

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं की घरात दोन गोष्टी साचतात: भिंगं आणि किस्से. भिंगं मी निवृत्त होताना शाळेला देऊन टाकली. किस्से कुणाला देणार? एक सांगायला घ्यावा तर दुसरा आपणहून मध्ये तोंड घालतो. परवा मैत्रिणी चहाला आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या समुद्रावरच्या पोरांचं सांग." सांगता सांगता चहा दोनदा झाला, आणि तरी काही राहिलेच.

तर आमची शाळा रत्नागिरीतली. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा आणि मुलं पुस्तकातल्या चित्रावरून तारामासा शिकायची. मलाच लाज वाटली. मुख्याध्यापकांकडून परवानगी काढली आणि सहावी ब दर शनिवारी खडपावर न्यायला लागले. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा किनाऱ्यावरचा कातळ. जवळ दोन प्लास्टिकचे ट्रे, चार भिंगं आणि एक थर्मामीटर. एवढीच आमची लॅब.

* * *

पहिल्याच शनिवारी फजिती झाली. शाळा सुटल्यावर बावीस मुलं घेऊन एक वाजता पोचले, तर खडप गायब. सगळीकडे पाणीच पाणी.

मागून एक आवाज आला, "बाई, आज बीज. दीडला पाणी भरणार."

हा मुबीन. मिरकरवाड्यातला, वडिलांची मासेमारीची होडी. वर्गात शेवटच्या बाकावर, आणि गणितात त्याच्याही मागे.

"तुला कसं कळलं?"

"तिथीची पाऊणपट करायची. दोनाची पाऊणपट दीड. आमच्याकडे सगळे असंच काढतात."

त्याच आठवड्यात अपूर्णांकांच्या चाचणीत या मुलाला दहापैकी एक मार्क होता.

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?"

"बाई, शाळेत कुणी विचारलंच नाही."

सोमवारी मी त्याला फळ्याजवळ उभा केला. त्यानं पंधराही तिथींची भरती काढून दाखवली आणि मग वर्गाकडून करून घेतली. पुढच्या चाचणीत त्याला आठ मिळाले. गणिताच्या सरांनी पेपर दोनदा तपासला.

* * *

मुबीननं मला आणखी एकदा शिकवलं. कातळाच्या डबक्यात फुलासारखं काहीतरी डोलत होतं. मी ऐटीत सांगितलं, "ही समुद्रातली वनस्पती. लिहून घ्या."

बावीस पेन्सिली चालू झाल्या. मुबीननं मात्र वहीच उघडली नाही. तो वाकला, डबक्यातली एक बारीक कोळंबी पकडली आणि त्या फुलावर सोडली. फुलानं पाकळ्या मिटल्या आणि कोळंबी आत गेली.

तो हळूच म्हणाला, "बाई, झाड कोळंबी खात नाही."

मी सगळ्यांना ओळ खोडायला लावली. माझ्या वहीतली मी आधी खोडली.

वार्षिक परीक्षेत मी एक प्रश्न घातला: समुद्रातल्या कोणत्याही पाच सजीवांची नावं लिहा. मुबीननं त्रेचाळीस लिहिली. समासात, कोपऱ्यात, शेवटी उभी. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: "बाई, जागा संपली. मासे नाही संपले."

* * *

सायलीचे वडील बापू आंब्याचे बागायतदार. पांढरीशुभ्र इस्त्रीची पँट घालून ते स्टाफरूममध्ये आले. "बाई, मुलीला डॉक्टर करायची आहे. तुम्ही तिला कातळाला चिकटलेली कालवं मोजायला लावताय."

मी म्हटलं, "एक शनिवार येऊन बघा. नाही पटलं तर तिला पाठवू नका."

आले. रुमाल अंथरून एका उंच कातळावर बसले. खाली सायली एका डबक्याशी टक लावून होती. शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला शंख पुरत नाही, तो नवा शोधतो. तिच्या खेकड्याला नवा शंख सापडला होता, पण तो नुसताच आत बाहेर चाचपत होता.

बापू डोकावायला आले, तर सायली मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमची सावली पडतेय. खाली बसा."

ते उकिडवे बसले. मग गुडघ्यांवर आले. मग चक्क ओल्या कातळावर पालथे झाले. अर्धा तास बाप आणि लेक शेजारी शेजारी. शेवटी डोळ्याचं पातं लवायच्या आत खेकड्यानं घर बदललं.

"घेतलान! मोठा घेतलान!" बापू एवढ्यानं ओरडले की अख्खी सहावी ब धावत आली.

उठले तेव्हा पँट कमरेपासून खालपर्यंत हिरवी. पँटकडे बघितलंही नाही त्यांनी. मला म्हणाले, "पुढच्या शनिवारी किती वाजता?"

सायली डॉक्टर झाली, दातांची. समुद्राशी तिचा आता काही संबंध नाही, असं मला वाटत होतं. गेल्या वर्षी दाढ दुखली म्हणून तिच्याकडे गेले. तिनं आरसा आत घातला, बराच वेळ बघितलं आणि असिस्टंटला अगदी गंभीरपणे म्हणाली, "लिहून घे. मागच्या दाढा. कालवं बसलीयेत."

* * *

दीक्षा देवरुखच्याही आतल्या गावातली. वडील मुंबईला नोकरीत, आई गावी शेती बघायची. शहराजवळच्या मिरजोळ्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या मामाकडे राहून ही शिकत होती. अकरा वर्षांची होईपर्यंत तिनं समुद्र बघितला नव्हता. पहिल्या दिवशी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "खरंच खारट आहे." पुस्तकात लिहिलेलं तिला तपासून घ्यायचं होतं.

थर्मामीटर मी तिच्या हातात दिला. एकाच डबक्याचं तापमान दर शनिवारी मोजायचं आणि वहीत लिहायचं. सहावी संपली, पण तिनं मोजणं सोडलं नाही. दहावीपर्यंत मोजत होती.

पुढे एम.एस्सी. करून ती एका संशोधन संस्थेत इंटरव्ह्यूला गेली. समुद्रात दोन महिने जाणाऱ्या जहाजावर एक जागा होती, उमेदवार भरपूर. बाकीच्यांकडे जाड फायली. हिच्याकडे फाईल होती आणि शाळेची ती वही.

समोरच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी वही चाळली. मध्येच थांबून विचारलं, "इथे लागोपाठ दोन शनिवार रिकामे का?"

"सर, गावी भातलावणी होती."

"आधीचा आणि नंतरचा आकडा होता की. मधले अंदाजानं भरता आले असते."

दीक्षा म्हणाली, "पण मी तिथे नव्हते, सर."

त्यांनी वही मिटली आणि शेजारच्यांकडे सरकवली. "बाकी काही विचारायचं असेल तर तुम्ही विचारा. माझं झालं."

* * *

मुबीन मत्स्य महाविद्यालयातून शिकला आणि वडिलांच्या होडीवर परत आला. दोन वर्षांपूर्वी गुहागरला बहिणीकडे गेला होता. किनाऱ्यावर फिरत असताना आरडाओरडा ऐकू आला. घाटावरून आलेले दोघे भाऊ पाण्यात खेचले जात होते. जिवाच्या आकांतानं किनाऱ्याकडे हात मारत होते आणि तरी मागेच जात होते.

सहावीत आम्ही करवंट्या पाण्यात सोडून प्रवाह बघायचो. लाटा फुटतात तिथे करवंटी परत येते, आणि मध्येच एक शांत पट्टा दिसतो तिथून आत ओढली जाते. ते दोघे नेमके तशा पट्ट्यात होते.

मुबीन एका मुलाची हवेची ट्यूब घेऊन आत शिरला. "किनाऱ्याकडे नको, आडवे चला," असं ओरडत त्यांच्यापर्यंत पोचला, दोघांना ट्यूब धरायला लावली, पट्टा ओलांडून बाजूला नेलं आणि लाटांबरोबर बाहेर काढलं.

मोठा भाऊ वाळूत बसला. धाप जरा कमी झाल्यावर त्यानं विचारलं, "तुम्ही लाइफगार्ड का?"

मुबीन म्हणाला, "नाही. सहावी ब."

* * *

आता शेवटचा. दीक्षाची जहाजावर निवड झाली आणि आठव्या दिवशी तिची आई माझ्या दारात. एसटीनं आलेली, पिशवीत माझ्यासाठी गावठी तांदूळ, आणि चेहरा रडवेला. मागे दीक्षा, खाली मान घालून.

"बाई, दोन म्हैने पान्यावर? पोरीच्या जातीनं? ह्ये येड तुमी लावलंत, तुमीच सोडवा. तुमचं आयकंल ती."

मी आधी दोघींना जेवायला वाढलं. चाळिशी ओलांडलेली ती बाई समुद्रावर कधी गेलीच नव्हती. शेत, गुरं, सासूचं आजारपण, कधी जमलंच नव्हतं. दुपारी ओहोटी होती. म्हटलं, "चला, पाय मोकळे करून येऊ."

खडपावर तिनं चपला हातात घेतल्या आणि नऊवारी वर खोचली. दीक्षानं तिला एका डबक्यापाशी नेलं. कोण काय खातं, कोण कुठे लपतं, हे दीक्षा सांगत होती. आई पहिल्यांदा नुसती हं हं करत होती. मग प्रश्न सुरू झाले. "ह्ये जितं हाय?" "ह्येचं तोंड कुटं?" "भरती आली की ही समदी जातात कुटं?" तासाभरानं तर आईच दीक्षाला दाखवत होती, "त्यो बघ, त्यो बघ, दगडाखाली गेला."

ऊन उतरायला लागलं. दीक्षा घाबरत म्हणाली, "आई, शेवटची एसटी निघेल. आणि माझ्या जहाजाचं काय ते सांग. उद्या कळवायचंय."

आईनं डबक्यातून नजर काढली नाही. हातानंच तिला बाजूला सारलं.

"तू जा गो तुज्या बोटीवर. मला वायच हितं बसू दे."