बॅक बटण काढून टाका

टोकियोतल्या एका विमा कंपनीची वेबसाइट आम्ही बनवत होतो. अर्ज भरताना कुणी ब्राउझरचं बॅक बटण दाबलं की भरलेली सगळी माहिती उडायची.

"ती सर्व्हरवर जपून ठेवू या," मी म्हणाले.

"नको, ते बटणच काढून टाका," विमा कंपनीचे मॅनेजर म्हणाले.

बटण ब्राउझरचं आहे, आपलं नाही, हे सांगून मी थकले. ते "हाइ, हाइ", म्हणजे "हो, हो", म्हणत मान डोलवायचे आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा तेच मागायचे. शेवटी वैतागून मी त्यांनाच अर्ज भरायला बसवलं. पत्ता चुकला, त्यांनी सवयीने बॅक दाबलं आणि समोर कोरं पान आलं.

पुढच्या मीटिंगला माहिती जपण्याची कल्पना त्यांनी स्वतःची म्हणून मांडली. सगळ्यांनी ती लगेच उचलून धरली. टोकियोतल्याच निशी-कसाई भागातल्या घरी पोचल्यावर मी विनाकारण नवऱ्यावर चिडले.