शैलाताईंचा शनिवार

"तेल चमच्यानं मोजून तरी काय झालं? गेल्याच की बाई."

बालाजीकाका हात धुता धुता बोलले, कुणाला उद्देशून असं नाही. काका कळंबच्या आमच्या डाळ मिलमध्ये मुकादम आहेत, आणि बाई म्हणजे हिशेब बघणाऱ्या शैलाताई. हृदयविकाराच्या झटक्यानं त्या गेल्या, त्याला आता महिना होत आला. डबे खायच्या खोलीत सगळे आपापले डबे आवरू लागले. मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "तो शनिवारचा वर्ग आता बंदच करावा म्हणतो." मी डब्याचं झाकण लावत राहिले.

कमी तेलात स्वयंपाक शिकवायचा तो वर्ग ताईंनी साहेबांकडून मागून घेतला होता, याच खोलीत, शनिवारी काम सुटल्यावर. मिलमध्ये तपासणी शिबिर झालं, कितीतरी जणांची साखर वाढलेली निघाली, तेव्हा. ताईंनी स्वतःचं बीपी बरीच वर्षं अंगावर काढलं होतं. हृदय कमजोर झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी स्टँडवर बसची वाट बघत होतो. "माझं झालं ते झालं गं," त्या म्हणाल्या. "तुमचं तरी येळेत होऊ दे." मी नुसती मान हलवली. मला असल्या वेळी शब्द सापडत नाहीत, मराठीत नाहीत आणि शाळेतल्या इंग्रजीतही नाहीत.

पहिल्या शनिवारी डाळ निवडणाऱ्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोक्यात, भुवयांवर डाळीची धूळ तशीच. राधाबाई म्हणाली, "ताई, घरी चूल हायेच. आता हितं बी चूल? पाय उचलंना झालेत." ताईंनी तिच्या पायांकडे बघितलं. दिवसभर आकडे मांडून त्याही दमलेल्याच होत्या. मग त्यांनी ऑफिसातल्या खुर्च्या मागवल्या. "बायकांनी बसायचं. गड्यांनी करायचं."

तोच नियम पुढे चालला. गडी भाकरी थापत, एका चमच्याच्या फोडणीत येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी करत, आणि बायका बसून चुका काढत. बालाजीकाकांची पहिली भाकरी परातीतच फाटली. "काका, ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?" राधाबाई म्हणाली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं... पुढं पुढं एखादी बाई खुर्चीतच डोळे मिटून घ्यायची. ताई तिला उठवू द्यायच्या नाहीत.

कृती वाचून दाखवायचं काम ताईंनी मला दिलं. मी खाली मान घालून वाचायचे. "मागं ऐकू येईना गं. भिंतीला सांगायलीस का?" दर शनिवारी हेच. मी आवाज चढवायचे, दोन ओळींनी तो पुन्हा उतरायचा.

त्या काही साध्वी नव्हत्या. शुक्रवारी माझ्या डब्यातली शेंगाची चटणी, वर कच्चं तेल घातलेली, बोटानं पुसून खायच्या. मी बघतेय असं दिसलं की म्हणायच्या, "वर्ग उद्या हाय. आज शुक्रवार."

त्या गेल्यापासून शनिवारी संध्याकाळी ही खोली रिकामी असते. खुर्च्या एकावर एक रचल्यात. लाकडी परात ओट्याखाली उभी आहे, तिच्या कडेला पीठ वाळून बसलंय. परवा राधाबाई दारापर्यंत आली, आत बघितलं आणि डोक्यावरचा पदर झटकत परत गेली...

हे सगळं काकांना कसं सांगायचं, मला कळत नव्हतं. साहेब उठायला लागले. मी डबा खाली ठेवला, ओट्याखालची परात काढून नळाखाली धरली. सगळे बघायला लागले तसा मी नळ बंद केला.

"ताईंचा आजार जुना होता, काका. त्यांनी तो अंगावर काढला, आपलं तरी वेळेत व्हावं म्हणून हा वर्ग. येत्या शनिवारी भाकरी तुम्ही थापायच्या, साहेबांनी आमटी करायची. बायका बसतील." मग, ताई म्हणायच्या तेवढ्याच आवाजात मी म्हणाले, "मागं ऐकू आलं का?"