पहिलं गीत आमच्या बोळात

आईनं दिलेला करंज्यांचा डबा चर्चच्या बाईंनी उघडलाच नाही. तसाच टेम्पोच्या ड्रायव्हरकडं दिला आणि सोबतच्या बाईला म्हणाल्या, "विड्या वळतात गं हे लोक. हाताला तंबाखूचा वास असतो."

हळू म्हणाल्या म्हणे. मी तिथंच उभी होते की. नऊ-दहा वर्षांची, नवा फ्रॉक घातलेली.

नाताळच्या आधी आमच्या चर्चची कॅरल पार्टी ढोलकी-झांजा घेऊन घरोघर जाते. गीत म्हणायचं, प्रार्थना करायची, घरचा फराळ खायचा. बंगल्यांत ही मंडळी आत सोफ्यावर बसायची. आमच्या वस्तीत रस्त्यावरूनच गायची, टेम्पोचं इंजिन चालू ठेवून. का, तर बोळ अरुंद. आई त्या दिवशी विड्यांना हात लावायची नाही. लिंबानं बोटं घासून घासून मग करंज्या भरायची. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आवडल्या का गं त्यास्नी?"

"व्हय. लई आवडल्या," मी म्हणाले. आणि मोरीत बसून रडले.

आता त्याच चर्चमध्ये मी संडेस्कूल घेते. पोरांना बांबूच्या कामट्यांची चांदणी करायला शिकवते, येशूजन्माची गव्हाणी मांडायला शिकवते. यंदा कॅरलला माझ्या वर्गाची पोरं जाणार. त्याची मीटिंग झाली. अध्यक्ष त्याच बाई. वस्तीचं नाव निघालं तशा म्हणाल्या, "तिथं रस्त्यावरूनच एक कडवं म्हणा. आणि मुलांना तिथलं काही खाऊ देऊ नका."

माझ्या डोक्यात सणक गेली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. उठून उभी राहिले.

"बाई, येशू गोठ्यात जन्मला हे मी पोरांना शिकवते. मेंढपाळ बघायला गेले, तेही शिकवते. ते काय रस्त्यावरूनच गाणं म्हणून परत फिरले होते?"

पाळकसाहेब मधे पडले. "ताई, नाताळात वाद नको. तुम्ही मुलांना परंपरा शिकवा."

"बंगल्यात बूट काढून बसायचं आणि गरिबाच्या दारात गाडी चालू ठेवायची, ही परंपरा तुम्ही मला शिकवलीत साहेब. मी ती पुढं शिकवणार नाही."

बाई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. नंतर जिन्यात एकीनं सांगितलं, "वर्ग काढून घेतील तुमच्याकडनं." घ्या की.

आईला आता कमी दिसतं. पण करंजीची कड अजून हातानंच मुडपते. तिला यंदा खरं सांगितलं. ती पारी लाटत राहिली.

"मला ठावं व्हतं," म्हणाली. "मोरीत तू रडलीस, ते मी ऐकलं व्हतं की."

म्हणजे माहीत असूनही ती दरवर्षी लिंबानं हात घासत राहिली. याचा राग माझ्या पोटातून जात नाही, आणि मी जाऊही देणार नाही.

यंदा पहिलं गीत आमच्या बोळात. टेम्पो बाहेर, इंजिन बंद, पोरं आत सतरंजीवर. आईच्या हातची करंजी खाल्ल्याशिवाय एकही पोर पुढच्या घरी जाणार नाही. वर्ग काढून घेतला, तर तो आमच्या दारात भरेल.